मदत हवी आहे: डेरी महापालिका निवडणूक, जानेवारी 1920 – जादा मतांचं वाटप कसं झालं असेल?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या इतिहास मंडळात मला आयर्लंडमधल्या 1920 च्या नगरपालिका निवडणुकांवर बोलायचं आहे. राजकारण बऱ्यापैकी कळलंय, मतमोजणीपाशी गाडी अडली आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. डिसेंबर 1918 च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत शिन फेन या आयर्लंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाने आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा जिंकल्या. ज्याला जास्त मतं तो विजयी, अशी ती पद्धत. पुढच्याच महिन्यात स्लायगो शहरात वेगळा प्रयोग झाला. तिथली नगरपालिका कर्जात बुडाली होती आणि कर भरणाऱ्या व्यापारी वर्गाला सभागृहात आवाज हवा होता, म्हणून खास कायदा करून पसंतीक्रमाने (मतदार उमेदवारांना 1, 2, 3 असे क्रम देतो) मतदान घेतलं. करदात्यांच्या संघटनेला 8, शिन फेनला 7, मजूर पक्षाला 5 आणि अपक्षांना 4 जागा मिळाल्या. लंडनच्या सरकारला हे फारच आवडलं. शिन फेनला लगाम घालायला हीच पद्धत बरी, असं ठरवून 1919 मध्ये ती सगळ्या आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकांना लागू केली. पण शिन फेनचा संस्थापक आर्थर ग्रिफिथ स्वतःच या पद्धतीचा जुना पुरस्कर्ता, त्यामुळे त्या पक्षाने कुरकुर केली नाही!

15 जानेवारी 1920 ला मतदान झालं. कॉर्कमध्ये शिन फेन आणि वाहतूक कामगार संघटनेच्या युतीला 56 पैकी 30 जागा मिळाल्या. टोमास मॅक कर्टन महापौर झाले आणि 20 मार्चला त्यांच्या घरात शिरून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी ऑक्टोबरमध्ये ब्रिक्स्टनच्या तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर गेले. एका महापालिकेने एका वर्षात दोन महापौर गमावले. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पानच उलटलं नाही.

मला मात्र बोलायचं आहे ते मुख्यतः आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या डेरी शहरावर. तिथे कॅथलिक राष्ट्रवादी लोकसंख्येने जास्त, पण वॉर्डांच्या सीमा अशा आखलेल्या की सत्ता कायम युनियनिस्टांकडे, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्यांकडे. पसंतीक्रमाची पद्धत आली आणि 40 जागांपैकी युनियनिस्टांना 19 च मिळाल्या. ह्यू ओडोहर्टी हे सतराव्या शतकानंतरचे तिथले पहिले कॅथलिक महापौर झाले. 1922 मध्ये उत्तर आयर्लंडच्या नव्या सरकारने स्थानिक निवडणुकांतून ही पद्धतच काढून टाकली. माझ्या मते पद्धत किती परिणामकारक होती, याचा याहून मोठा पुरावा नको.

आता प्रश्न. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, मला समजतो: वैध मतं भागिले जागा अधिक एक, आणि आलेल्या आकड्यात एक मिळवायचा. समजा एका वॉर्डात 8 जागा आणि 3600 वैध मतं, तर कोटा 401. एका उमेदवाराला 600 मतं पडली, म्हणजे 199 जादा. ही 199 मतं दुसऱ्या पसंतीला जाणार, पण 600 पैकी नेमक्या कोणत्या 199 मतपत्रिका उचलायच्या? आपल्याकडे विधान परिषद, राज्यसभेच्या मोजणीला बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया उलगडून सांगा. आणि डेरीचे फेरीनिहाय आकडे कुठे मिळतील?

प्रतिसाद:

विधान परिषदेच्या आमदारांमधून होणाऱ्या निवडणुकीत मी मोजणी प्रतिनिधी होतो. आपल्याकडे मतपत्रिका उचलून देण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक पत्रिकेचं मूल्य 100 धरतात. तुमच्या उदाहरणात एकूण मूल्य 3,60,000, कोटा 40,001, उमेदवाराकडे 60,000, जादा 19,999. सहाशेच्या सहाशे पत्रिकांवर पुढची पसंती असेल, तर सगळ्याच पुढे जातात, फक्त प्रत्येकीचं मूल्य 33 उरतं. म्हणून टेबलावर गठ्ठ्यांपेक्षा गुणाकार-भागाकारावर जास्त वाद होतात.

आयर्लंडच्या डॉलच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या मोजणीत आजही अख्खी पत्रिकाच हलवतात. सहाशेची दुसऱ्या पसंतीनुसार विभागणी करायची. समजा 300 वर 'अ', 200 वर 'ब' आणि 100 वर पुढची पसंतीच नाही. मग 199 ची वाटणी 300 ला 200 या प्रमाणात: 'अ'ला 119, 'ब'ला 80. 'अ'च्या गठ्ठ्यातल्या वरच्या 119 पत्रिका त्याच्याकडे जातात. त्यांच्यावरच्या तिसऱ्या-चौथ्या पसंत्या काय निघतील, हा मात्र नशिबाचा भाग.

आकड्यांसाठी त्या आठवड्यांचे 'डेरी जर्नल' आणि 'लंडनडेरी सेंटिनेल' असे दोन्ही अंक शोधा. पहिला राष्ट्रवादी, दुसरा युनियनिस्ट. वॉर्डवार यादी सापडली तर इथेच टाका, फेऱ्या आपण मिळून लावून बघू.