४० ते १० मीटरसाठी एकच वायर अँटेना: एंड-फेड, विंडम का फॅन डायपोल?

नवा_व्हीयू३ (जळगाव)
राम राम मंडळी. हॅम रेडिओचं (हौशी वायरलेसचं) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स हातात आलं, जुना १०० वॉटचा रिग (रेडिओ सेट) ५० वॉटवर ठेवून चालवायचाय, आता घोडं अडलंय अँटेनापाशी. प्लॉट ३० बाय ४० फूट, गच्ची जमिनीपासून साधारण ७ मीटर, तिच्यावर ३ मीटरचा जीआय पाइप उभा राहील. ४०, २०, १५, १० मीटर वेव्हलेंथचे एवढेच बँड पाहिजेत, ८० चा हट्ट नाही. गच्ची कोपरा ते कोपरा मोजली तर ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर, आणि ४० चा डायपोल (मधोमध फीड दिलेली अर्ध्या वेव्हलेंथची तार) वीस मीटरचा. व्हिडिओ बघून डोकं आउट झालंय, एक म्हणतो एंड-फेड (टोकाला फीड दिलेली तार) लावा नि विसरा, दुसरा म्हणतो विंडमसारखं (मध्यापासून बाजूला फीड) काहीच नाही, तिसरा जी५आरव्ही. मागच्या काकांच्या अंगणात मोठा निंब आहे, १७-१८ मीटरवर, मधे लाइटची लाइन नाही, पण काकांना अजून विचारलं नाही.

ठिबकवाला (रावेर)
वीस मीटर मावत नाही म्हणून अडू नको भो. इन्व्हर्टेड व्ही कर, मधला भाग पाइपवर, दोन्हीकडं साडेसात-आठ मीटर उतरलं की उरलेली दोन-सव्वादोन मीटर कठड्याच्या कडेनं वळव, टोकाला करंट नसतोच फारसा, काही बिघडत नाही. माझा फॅन डायपोल आहे, ४०, २० आणि १० च्या जोड्या एकाच फीडपॉइंटला. १५ ला वेगळी तार नाही, ४० चीच तिथं तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट फ्रिक्वेन्सीला) चालते, फक्त रेझोनन्स (तार जिथं नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी) थोडा वर सरकतो तेवढा रिगमधला जुळणी करणारा ट्यूनर ओढून घेतो. स्पेसर म्हणून ठिबकच्या १६ एमएम नळीचे तुकडे, तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडून. पहिल्यांदा तारा चार बोटं अंतरावर ठेवल्या होत्या, २० ची कापली की १० चा एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली त्याचं माप) पळायचा, तीन दिवस नुसती शिडी चढ-उतर. आता टोकाकडं हातभर अंतर आहे तर गप आहे. आणि साधी नायलॉन दोरी वापरू नको, आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत तिचा भुसा होतो, मेच्या वादळात केळीबरोबर माझी अँटेना पण आडवी झालेली.

धुळ्याचा_भाऊ
फॅन चांगलाच, पण एवढा पसारा कोण सांभाळणार? मी एंड-फेड वापरतो, वीस मीटरची एकच तार, ४०-२०-१५-१० चारही बँड. ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळला, ४३ मटेरियलच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) २ ला १४ वेढे, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा हाय व्होल्टेज कॅपॅसिटर.
पण एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. ह्या अँटेनाला दुसरा हात नसतो, मग ती कोअॅक्स केबलची बाहेरची जाळीच दुसरा हात म्हणून वापरते, आणि घरातला सगळा कचरा त्या जाळीवरून रिसीव्हरमधे. मला ४० वर रिगच्या सिग्नल मीटरवर कायम एस ७ चा आवाज, मी अँटेनालाच शिव्या देत बसलो. एका संध्याकाळी लाइट गेली, रिग बॅटरीवर होता, सुई धपकन एस २ वर, आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर काहीच नव्हतं तिथं दोन माणसं निवांत गप्पा मारत होती. म्हटलं भाऊ, आवाज घरनाच शे! मग ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटर कोअॅक्स सोडून पुढं जाळीवरचा करंट अडवायला फेराइटवर चोक घातला, तेवढी दोन मीटर काउंटरपॉइज (दुसरा हात) म्हणून पुरते. आता एस ४ असतो.

जुनाखोड_भुसावळ
विंडमचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. २० मीटरची तार एक तृतीयांशवर फीड केलीस तर ४०, २०, १० मिळतील, १५ मिळणार नाही. तिसऱ्या हार्मोनिकवर बरोब्बर त्याच जागी करंट शून्याजवळ जातो, इंपिडन्स (करंटला होणारा विरोध) आभाळाला, ४:१ चा बालन (जुळणीचा ट्रान्सफॉर्मर) काय करणार बिचारा. तुला १५ पाहिजे, म्हणजे विषय संपला. जी५आरव्ही व्हार्नीसाहेबांनी १९४६ साली काढला तो २० वर दीड वेव्हलेंथ म्हणून, ३१ मीटर तार, खाली लॅडर लाइन (दोन समांतर तारांची फीड), वर ट्यूनर. शेतात लाव, गच्चीवर नाही.
आणि १० मीटर उंचीवर ४० ला सिग्नल बराचसा सरळ वरच जाणार, कुठलीही तार लाव. दिवसा इंदूर, पुणे, नागपूर मस्त मिळतील, डीएक्स (लांबचे देश) २० च्या वर शोध.
एंड-फेड करशील तर टोकं माणसाच्या हाताबाहेर ठेव. ५० वॉटला ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर साडेतीनशे व्होल्टच्या आसपास आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज) असतो, चटका बसतो तो आतून भाजतो.

नवा_व्हीयू३ (जळगाव)
सगळ्यांचे आभार. धुळ्याच्या भाऊंचं वाचून आज आधी अँटेना नाही, लाइट बंद केली. मेन स्विच खाली, रिग बॅटरीवर, गच्चीवर पाचेक मीटर तार अशीच टाकलेली, मग एकेक एमसीबी वर. किचनची वर केली तसा भर्रर्र सुरू. पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर निघाला! बदलून आणतो उद्या.
काकांना पण विचारलं, ते म्हणे बांध, पण निंबावर चढणार कोण. दगडाला सुतळी बांधून तिसऱ्या फेकीत फांदी मिळाली. तर एंड-फेडच, दीड स्क्वेअरची वायर साडेवीस मीटर घेतो, इन्सुलेशनमुळं थोडी आखूडच लागेल पण जास्तीची कापत नाही, दुमडून बांधतो. आईची एकच अट आहे, तार कुरडयांच्या खाटेवरून जायची नाही, मग ट्रान्सफॉर्मर पाइपच्या शेंड्याला चढवतोय.

ठिबकवाला (रावेर)
निंब वाऱ्यात हलतो भो, त्या टोकाला दोरी पक्की बांधू नको. फांदीवरून घे नि खाली विटेचं वजन लटकव.