टाकी पूर्ण भरली की पेट्रोल गळते

प्रश्न: माझ्या १९९६ सालच्या गाडीची टाकी काठोकाठ भरली की मागच्या चाकाजवळ तळहाताएवढा ओला डाग पडतो आणि पेट्रोलचा वास येतो, टाकी अर्ध्यावर आली की गळती आपोआप थांबते. टाकीच बदलावी लागेल का?

प्रतिसाद १: एवढ्यात नको. गळती केवळ भरलेल्या टाकीत होत असेल, तर दोष बहुधा वरच्या भागात असतो. इंधन भरण्याच्या नळीला टाकीशी जोडणारा रबरी पाइप आणि इंधन-गेजचा फ्लोट (पातळी मोजणारा तरंगता भाग) टाकीत जिथून बसवतात तिथले सील आधी तपासावे.

प्रतिसाद २: टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखालीही पाहावे, कारण तिथे चिखल व ओलावा साचून पत्रा गंजतो. गळती बुजवायला एपॉक्सी पुटी (मिसळल्यावर घट्ट होणारा लगदा) लावणे हा माझ्या मते गॅरेज गाठण्यापुरताच उपाय आहे.

प्रतिसाद ३: वेल्डिंगचा विचार असेल, तर रिकाम्या टाकीला सुरक्षित समजू नये, आत उरलेली वाफ हवेत मिसळून ठिणगीने स्फोट घडवते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते.

प्रश्नकर्ता: दोष त्या रबरी पाइपचाच निघाला. वरून धडधाकट दिसत होता, पण क्लिप सैल करताच तिच्याखाली चीर दिसली.