उंच टॉवर डिझाइन करायचेत: आर्किटेक्चर घ्यावं की सिव्हिल?

रावपुऱ्याची मुलगी: बारावी झाली, आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा नाटाही दिली. मला खूप उंच टॉवरच करायचेत. बुर्ज खलिफाचा प्लॅन टेबलासमोर चिकटवलाय. बाबा म्हणतात, "उंच बिल्डिंग इंजिनिअर उभी करतो, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, कलाभवनात, सिव्हिल कर." खरं आहे का?

दांडियाबाजारवाला: बाबांचं अर्धं खरं आहे, बाळ. मी बडोद्यातच आर्किटेक्चर केलं, मग सोळा वर्षं मुंबईत टॉवरवर काम केलं. पहिली तीन वर्षं फक्त कोअर, म्हणजे इमारतीचा मधला गाभा काढला: लिफ्ट, जिने, शाफ्ट, टॉयलेट. फार चिडचिड व्हायची. एकदा जिन्याचं फायर डोअर उघडलं की लँडिंग अडतंय, हे माझ्या नजरेतून सुटलं. मजला टिपिकल, एकाच प्लॅनचा वर वर जाणारा, म्हणजे तीच चूक चाळीस मजल्यांवर! सीनियरने पकडली. आगीत लोक त्याच जिन्याने उतरणार होते. त्या दिवसापासून कोअरचं काम मला दुय्यम वाटलं नाही.

तुझ्या बुर्जचंच बघ. 828 मीटर. आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ, स्ट्रक्चरल इंजिनिअर बिल बेकर. मधला षटकोनी कोअर आणि त्याला टेकू देणारे तीन पंख. पंख वेगवेगळ्या उंचीवर आखडत जातात, त्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यांना एक ताल सापडत नाही आणि इमारत कमी डोलते. यातलं रूप कुठलं नि ताकद कुठली, सांग बरं! शिकागोच्या 100 मजली हॅनकॉक सेंटरचंही तेच. बाहेर दिसणाऱ्या त्या मोठ्या फुल्याच वाऱ्याचा जोर पेलतात. ते ब्रूस ग्रॅहम आणि ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फझलूर खान यांनी मिळून केलं.

प्लॅन काढताना हात रमत असेल तर आर्किटेक्चरच घे. पण स्ट्रक्चरच्या तासाला दांडी मारू नकोस.

अलकापुरी: बी.आर्क. पाच वर्षांचं, शिवाय आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, हेही घरी सांग. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. माझ्या भाचीचं बघितलंय.

रावपुऱ्याची मुलगी: काका, आत्तापासून काय करू?

दांडियाबाजारवाला: ओळखीच्या एखाद्या दहा-बारा मजली बिल्डिंगमध्ये जा. टेप घेऊन जिना, लॉबी, लिफ्ट मोज आणि कोअर कागदावर काढ. सकाळी नऊला लिफ्टपाशी उभी राहून किती वेळ थांबावं लागतं तेही लिही.

रावपुऱ्याची मुलगी: मावशीच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आले. टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं. काका, तिथे जिन्याचं दार पूर्ण उघडलं की लँडिंगवर 60 सेंमीच उरतात. सोसायटीला सांगायला हवं ना?