कागदपत्रातलं 'पत्र' कशासाठी?

'कागद' म्हटल्यावर काम भागत असताना त्याला 'पत्र' का जोडायचं? 'बाजार' झाल्यावर पुन्हा 'हाट' कशाला? हा प्रश्न अधूनमधून कोणीतरी विचारतं, आणि 'बोलण्याला जोर येतो म्हणून' एवढ्या उत्तरावर तो मिटवला जातो. या शब्दांवर हा अन्याय आहे. जरा उकलून पाहिलं तर मराठी कशी घडत गेली हे त्यांत दिसतं.

आधी एक गल्लत टाळू. 'चहाबिहा', 'पुस्तकबिस्तक' यांतला दुसरा भाग निव्वळ पडसाद आहे. 'बिहा' किंवा 'बिस्तक' असा शब्द मराठीत नाही. त्याचं काम 'आणि तत्सम काही' एवढं सुचवण्याचं. 'कडीकुलूप', 'दिवाबत्ती' हेही वेगळे, कारण कडी आणि कुलूप या दोन निराळ्या वस्तू आहेत. इथे विषय आहे तो दोन्ही भागांना स्वतंत्र अर्थ असलेल्या आणि तो अर्थ जवळजवळ एकच असलेल्या जोड्यांचा.

त्यातही लक्ष वेधून घेतात त्या दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या जोड्या. 'कागद' फारसीतून आला, 'पत्र' संस्कृत. 'बाजार' फारसी, 'हाट' हा संस्कृत 'हट्ट'पासूनचा. 'चीजवस्तू'मधली 'चीज' फारसी. 'धनदौलत', 'बळजबरी', 'रीतिरिवाज', 'मानमरातब' या चारही जोड्यांत पहिला शब्द इथला आणि दुसरा मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. 'लाजशरम'मधली 'शरम' फारसी. 'पावरोटी'त तर पोर्तुगीज आहे. 'पाव' म्हणजे तिकडची रोटीच, त्यामुळे 'पावरोटी' म्हणजे शब्दशः 'रोटीरोटी'. पाव पायांनी तुडवतात म्हणून 'पाव', ही व्युत्पत्ती मात्र ऐकीव आहे आणि ती सोडून द्यावी.

भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी भारतीय भाषांतल्या अशा जोड्यांना 'अनुवाद-समास' या अर्थाचं नाव दिलं. त्यामागची कल्पना सरळ आहे. जिथे दोन भाषांचे लोक एकत्र व्यवहार करतात, तिथे बोलणारा परका शब्द वापरतो आणि लगेच आपला शब्द जोडून तो समजावतो, किंवा याच्या उलट. पुढे समजावण्याची गरज संपते, पण जोडी कायम राहते. इंग्रजीतही हे झालं. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा झाली, आणि मृत्युपत्राला तिथे अजून 'विल अँड टेस्टमेंट' म्हणतात. 'विल' जुन्या इंग्रजीतला, 'टेस्टमेंट' लॅटिनमधला.

हे स्पष्टीकरण मला पटतं, पण अर्धंच. समजावण्यासाठीच जोडी जुळली असेल तर अनोळखी शब्द आधी आणि ओळखीचा नंतर यायला हवा. 'बाजारहाट', 'कागदपत्र', 'चीजवस्तू' यांत तसं आहे. 'धनदौलत', 'मानमरातब', 'लाजशरम' यांत क्रम नेमका उलटा. म्हणजे क्रम ठरवणारं आणखी काही आहे. माझ्या मते ते कानाचं काम आहे. मान-मरातब, रीति-रिवाज यांत आद्याक्षरं जुळतात, शिवाय आखूड शब्द पुढे आणि लांब शब्द मागे राहतो. 'मरातबमान' म्हणून पाहा, जीभ अडखळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. दोन्ही भाग इथलेच असलेल्या जोड्याही मराठीत भरपूर आहेत: दगडधोंडा, भाऊबंद, वादविवाद. 'लाजलज्जा'त तर एकच शब्द दोनदा आला आहे. 'लज्जा' झिजून 'लाज' झाली आणि मग झिजलेला शब्द मूळ शब्दाशेजारी जाऊन बसला. 'कामकाज'ही जवळपास तसाच. 'कर्म'चं 'काम' झालं, 'कार्य'चं 'काज', आणि दोन्हींचा धातू एकच, 'कृ'. इथे कोणी कोणाला परकी भाषा समजावत नव्हतं. म्हणून मला वाटतं, जोडी लावायची सवय मराठीला आधीपासून होती आणि फारसी-अरबी शब्द आले ते या तयार साच्यात पडले.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे 'कागदोपत्री' हे रूप. घरोघरी, दारोदारी, गावोगावी, खेडोपाडी ही मराठीची खास घडण. दोन शब्दांच्या मधे 'ओ', शेवटी सप्तमीचा 'ई'. फारसी 'कागद' या घडणीत इतका बेमालूम बसला आहे की तो बाहेरचा आहे हे सांगावं लागतं. शिवाय 'कागदोपत्री'ने स्वतःचा अर्थही कमावला. 'कागदोपत्री रस्ता झाला' या वाक्यात रस्ता झालेला नाही, हे न सांगता कळतं.

अरबीतून आलेल्या काही जोड्यांत वेगळीच गंमत आहे. 'हालहवाल' विचारतो तेव्हा आपण एकवचन आणि त्याचंच अनेकवचन शेजारी ठेवत असतो. 'हाल' म्हणजे अवस्था आणि 'अहवाल' हे त्याचं अरबी अनेकवचन. तोच 'अहवाल' सुटा होऊन समित्यांच्या टेबलावर जाऊन बसला. मराठीत तो एकवचनी झाला, 'अवस्था' हा अर्थ मागे पडून 'वृत्तांत' हा अर्थ आला. सुट्या 'हाल'ने तिसराच रस्ता धरला, 'प्रवासात फार हाल झाले'. एका शब्दाच्या तीन वाटा, आणि मूळ अर्थ टिकला तो फक्त जोडीत.

'अमीरउमराव'ही तसंच, 'उमरा' हे 'अमीर'चं अनेकवचन. 'मानमरातब'मधला 'मरातब' म्हणजे 'मर्तबा'चं, म्हणजे दर्जा या अर्थाच्या शब्दाचं, अनेकवचन. तो अनेकवचनी असल्याचा पत्ता हरवल्याने आपण खुशाल 'मानमरातब मिळाला' म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. शब्द मराठीत आला की त्याचं वचन मराठी ठरवते. 'सल्लामसलत' आणि 'साफसफाई' यांत दोन्ही भाग अरबीतल्या एकाच धातूचे, म्हणजे आपल्या 'कामकाज'चे सख्खे जोडीदार.

आता अर्थाकडे. जोडीतला दुसरा शब्द फुकटचा असता तर तो काढल्यावर अर्थ तोच राहिला असता. तसं होत नाही. 'बाजार' ही जागा आहे, 'बाजारहाट' ही क्रिया. बाजारात माणूस नुसतं हिंडायलाही जातो, बाजारहाट करायला गेला तर काही घेऊनच येतो. 'चीज' सुटी आली तर 'कष्टांचं चीज झालं' यातली, किंवा गाण्यातली. 'वस्तू' म्हणजे काहीही. पण घरातली चीजवस्तू म्हणजे जपून ठेवायचा ऐवज. 'बळ' चांगलं, 'बळजबरी' वाईट. 'दौलत' जुन्या मराठीत राज्यालाही म्हणत, 'धन'च्या संगतीत ती निव्वळ संपत्ती उरली.

शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. जोडशब्दांनी याच्या अगदी विरुद्ध मार्ग घेतला. एक शब्द काढून दुसरा बसवण्याऐवजी दोन्ही ठेवले आणि त्यांच्यातून तिसरा अर्थ काढला. दोन्ही मार्गांना मराठीत जागा आहे, पण दुसऱ्याकडे भाषाप्रेमींचं लक्ष कमी जातं याची मला खंत वाटते.

या जोड्यांचा सगळ्यात दाट वावर पाहायचा असेल तर जुनी खरेदीखतं वाचावीत. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' हा मजकूर अजूनही लिहिला जातो. 'राजी' अरबी, 'खुशी' फारसी, 'अक्कल' अरबी, 'हुशारी' फारसी. इथे मात्र दोन्ही शब्द मोजूनमापून आहेत. राजी म्हणजे संमती, खुशी म्हणजे ती दबावाखाली दिलेली नाही. जमिनीच्या वर्णनात 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह' अशी अस्सल संस्कृत मालिका येते, आणि त्याच दस्तात 'जमीनजुमला'ही येतो. त्यातला 'जुमला' म्हणजे एकूण, सगळा मिळून. लिहिणाऱ्याला एकही पळवाट ठेवायची नव्हती, म्हणून मिळेल त्या भाषेतला शब्द त्याने कामाला लावला.

आता वापराबद्दल. हे सामासिक शब्द आहेत, म्हणून जोडून लिहावेत. 'साफ सफाई', 'कागद पत्रे' असं तुटक लेखन फलकांवर आणि अर्जांवर सर्रास दिसतं, ते चूक. विभक्ती लावताना मात्र प्रत्येक जोडीचा स्वभाव वेगळा. 'सगेसोयरे'चं 'सग्यासोयऱ्यांना' होतं, म्हणजे दोन्ही भाग बदलतात. 'दगडाधोंड्यांतून' असंही आपण म्हणतो. पण 'कागदापत्रांना' कोणी म्हणत नाही, 'कागदपत्रांना'च. माझा आडाखा असा की जोडी जितकी एकजीव, तितका पहिला भाग अचल.

राहिला लिंगाचा प्रश्न. 'कागद' पुल्लिंगी, 'पत्र' नपुंसकलिंगी. समासाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं, म्हणून 'कागदपत्रे जोडली' हे नियमाला धरून. बोलण्यात 'सगळे कागदपत्र आणलेत का?' हेही तितकंच ऐकू येतं आणि तिथे 'कागद' आपलं पुल्लिंग सोडत नाही. लेखी मजकुरात मी 'कागदपत्रे'च लिहीन, बोलण्यातलं 'कागदपत्र' मात्र कोणाचं दुरुस्त करायला जाणार नाही.