टीपीएम नसेलच असं नाही
'विंडोज ११ टाकताना टीपीएम २.० (त्याला लागणारी, लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) नाही असा मेसेज आला, म्हणजे लॅपटॉप भंगारात' हे काही पटलं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा घाई समजू शकतो. पण बाबांच्या लॅपटॉपवरही हाच मेसेज होता आणि दुकानदाराने तर थेट नव्याचं कोटेशन हातात ठेवलं. घरी येऊन बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) शिरलो, तर टीपीएम होतं की, नुसतं बंद! इंटेलवाल्यांकडे ते 'पीटीटी' आणि एएमडीकडे 'एफटीपीएम' या नावाने दडलेलं असतं, म्हणून सापडत नाही. चालू केलं, झालं काम.

मात्र इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर बहुतेक वेळा तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठीच्या यादीतच नसतो. माझा सहाव्या पिढीचा आय५ तसाच निघाला. त्यावर विंडोजऐवजी गुपचूप लिनक्स मिंट टाकलंय.