मदत हवी आहे: म्युनिकच्या होफब्रॉयहाउसमध्ये आईबाबांना न्यायचंय

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा म्युनिकला येताहेत. १५८९ साली सुरू झालेलं होफब्रॉयहाउस, म्हणजे तिथलं प्रसिद्ध बिअर हॉल, बघायची बाबांची फार इच्छा आहे. लांबलचक लाकडी बाकं, बँडचं संगीत, लिटरभर बिअरचे मग, हे सगळं त्यांना अनुभवायचंय.

आम्ही दोघं मागे शनिवारी संध्याकाळी गेलो होतो, तर पाऊण तास जागाच मिळाली नाही. रिकामं दिसलं तिथे बसलो, तर ते नेहमीच्या गिऱ्हाइकांचं राखीव 'श्टामटिश' निघालं! बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना इतका वेळ उभं ठेवणं मला जमणार नाही. आठवड्यातल्या दिवशी दुपारी चार वाजता गेलं तर चौघांना एकत्र जागा मिळेल का? की वरच्या मजल्यावर आधी टेबल राखून ठेवावं?

खरी काळजी आईची आहे. ती शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. म्हणजे चीज घातलेलं केझेश्पेट्झलं (जाड नूडल्ससारखा पदार्थ) बाद, त्यात अंडं असतं. ओबाट्स्डा (पावाला लावायचं मसालेदार चीज) आणि ब्रेत्सेल (पीळ दिलेला खारा पाव) चालेल असं वाटतंय, पण ब्रेत्सेलच्या पिठात डुकराची चरबी नाही ना, हे वेटरला जर्मनमध्ये नेमकं कसं विचारायचं? तिला नुसत्या बटाट्यांवर उठवायचं नाहीये. वयस्कर मंडळींना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.