ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला बारकी स्टेपनी लावून किती चालवायची? आणि एका पंक्चरसाठी चारही टायर बदलायचे का?

डेन्व्हरकर:
नमस्कार मंडळी. गाडी सुबारू फॉरेस्टर, सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि कायम ऑल व्हील ड्राइव्ह. काल आय-७० हायवेवरून डोंगर उतरताना पुढचा उजवा टायर बसला, कडेला घेतली, डिकीतली ती बारकी स्टेपनी चढवली आणि हळूहळू घरी आलो. पण एक चाक लहान आणि ताकद चारही चाकांना, म्हणजे आत काहीतरी घासत असणार असं सारखं वाटत होतं. आज टायरवाला म्हणतो पंक्चर निघणार नाही आणि ऑल व्हील आहे तर चारही नवीन टाका. बाकीचे तीन निम्मेसुद्धा झिजले नाहीयेत हो! सोमवारी स्टेपनीवर ऑफिसला जाऊ का, आणि चारही बदलणं खरंच गरजेचं आहे का?

जर्सीकर:
ऑफिसला अजिबात नको, टायरच्या दुकानापर्यंत न्या, बस. स्टेपनीवरच छापलेलं असतं बघा, ताशी ५० मैलांच्या वर जायचं नाही आणि हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), म्हणजे रोजच्या टायरच्या जवळपास दुप्पट. हवा कमी असली की तो आणखी दबतो आणि चाकातला फरक अजून वाढतो.

आत काय होतं तर लहान चाक जास्त फेरे मारतं, डाव्या-उजव्या चाकातला फरक डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) सांभाळून घेतं पण पुढच्या आणि मागच्या एक्सलचा (चाकांच्या जोडीच्या आसाचा) वेग वेगळा पडतो आणि तो फरक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट्सना झेलावा लागतो. एरवी वळणावर त्या क्षणभर घसरतात, इथे सरळ रस्त्यावरही घसरतच राहणार, तेल तापणार, प्लेट्स लवकर जाणार. थोड्या मैलांनी काही बिघडत नाही, कालची काळजी सोडा. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंना बॉनेटखाली एफडब्ल्यूडीचा (फक्त पुढच्या चाकांना ताकद) कनेक्टर असायचा, त्यात फ्यूज टाकला की मागची ताकद बंद, आणि गाडीच्या माहितीपुस्तकात, म्हणजे ओनर्स मॅन्युअलमध्ये, सरळ लिहिलेलं की बारकी स्टेपनी फक्त मागे, पुढचं पंक्चर असेल तर मागचं चाक काढून पुढे लावा. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय म्हटलंय ते एकदा वाचा.

पुणेरी गॅरेज:
दादा, पंक्चर का निघणार नाही ते विचारलंत का? खिळा मधल्या ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) असेल आणि भोक ६ मिमीपर्यंतच असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात दांडा आणि आतून ठिगळ) बसतो आणि तो टायर आरामात चालतो. बाहेरून दोरी कोंबून देतात ते घरी पोचण्यापुरतं. खांद्याला (ट्रेडची कड) किंवा साइडवॉलला (टायरची बाजू) असेल तर मात्र नाद सोडा, तिथे रबर सारखं वाकतं, पॅच धरत नाही. अजून एक, टायर उतरवल्यावर आत हात फिरवायला सांगा, रबराचा काळा भुगा हाताला लागला म्हणजे हवा गेल्यावर गाडी चाललीय आणि साइडवॉल आतून चुरडलीय, मग भोक कुठेही असो, टायर गेला.

बोल्डरवाली:
आणि "ऑल व्हील म्हणजे चारही" हे डोळे झाकून मान्य करू नका, आधी मोजा. सुबारूत टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायचा असतो. ट्रेडची खोली १ मिमी झिजली की घेर साधारण ६.३ मिमी कमी होतो आणि पाव इंच म्हणजे जवळपास तेवढंच. म्हणजे नवा टायर ८ मिमीचा आणि तुमचे ७ असतील तर एकच टाकला तरी जेमतेम बसतं, ५.५ असतील तर नाही बसत. पण मग चार घ्यायचेच असं नाही, त्याच ब्रँडचा, त्याच मॉडेलचा एक नवीन घेऊन त्याचा ट्रेड बाकीच्यांइतका तासून मिळतो. तेवढाच झिजलेला सेकंड हॅण्ड मिळाला तर अजून स्वस्त, फक्त त्यावरची तारीख बघून घ्या.

डेन्व्हरकर:
खूप आभार सगळ्यांचे! आत्ता ट्रेड मोजायचा गेज लावून आलो. खिळा अगदी खांद्यावर आहे, म्हणजे पॅच नाहीच. बाकीचे तिन्ही ६ मिमीच्या आसपास, म्हणून एकच मागवून तासून घेतोय. स्टेपनीत हवा निघाली ३८! पेट्रोल पंपावर ६० करून आणली, सोमवारी ऑफिसला बसने.

जर्सीकर:
बेस्ट. तासलेला टायर बसवल्यावर चारही चाकांची हवा थंड असताना दरवाज्याच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, एकात कमी असली तरी घेरात फरक पडतोच.